तेलाच्या ड्रमची गोष्ट आम्हालाही वाचू द्या

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,



मी हवाई दलात वीस वर्षं एअरफ्रेम फिटर होतो. विमान उडण्याआधी त्याच्या पोटाखाली शिरणारी जी माणसं असतात, त्यांतला मी एक. त्यातली बरीचशी वर्षं विमानाच्या पायांशीच गेली. वर्तमानपत्रं लँडिंग गिअर म्हणतात, आम्ही अंडरकॅरेज म्हणायचो. निवृत्त होऊन बराच काळ झाला, तरी लढाऊ विमान पडल्याची बातमी आली की आधी वैमानिक वाचला का ते पाहतो, आणि लगेच मनात येतं, आदल्या दिवशी त्या विमानावर कोणाचे हात फिरले होते?

हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ते आपल्याइतकंच माझ्या गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्या त्या घरांसाठी आहे, जिथला मुलगा आज कुठल्यातरी तळावर हातात पाना घेऊन उभा आहे.

२८ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अलास्कातल्या आयल्सन हवाई तळावर एक एफ-३५ लढाऊ विमान पडलं. त्याचं चित्रण जगभर फिरलं, आपणही पाहिलं असेल. विमान पान गळावं तसं गिरक्या घेत खाली येतं, जमिनीवर आपटतं आणि पेटतं. बाजूला पॅराशूट तरंगत असतं. वैमानिक किरकोळ जखमांवर वाचला. नुकसान झालं १९ कोटी ६५ लाख डॉलरचं, म्हणजे आपले सतराशे कोटी रुपये. सात महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, अमेरिकी हवाई दलाने चौकशीचा अहवाल जाहीर केला. त्यातलं कारण कळलं तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि काही वेळ नुसताच बसून राहिलो. कारण होतं तेलात शिरलेलं पाणी.

नीट सांगतो, कारण गोष्ट तपशिलातच आहे. विमानाच्या पायात धक्का झेलणारा जो दांडा असतो, त्याला आम्ही ओलिओ म्हणतो. सायकलच्या पंपासारखी एकात एक बसणारी दोन नळकांडी, आत दाबाखालचा नायट्रोजन आणि हायड्रॉलिक तेल. विमान टेकलं की ओलिओ दबतो. विमानाने जमीन सोडली की तो ताणला जाऊन पूर्ण लांबीला येतो. पाय दबलेला आहे की सुटलेला, यावरून विमानाला कळतं की आपण जमिनीवर आहोत की हवेत. त्यासाठी पायांवर सेन्सर असतात, त्यांना ‘वेट ऑन व्हील्स’ म्हणतात. आजच्या विमानात वैमानिकाच्या हाताने थेट काही हलत नाही, मध्ये संगणक असतो. जमिनीवर असताना तो एका रीतीने वागतो आणि हवेत असताना दुसऱ्या. कुठली रीत कधी लावायची, हे तो या सेन्सरना विचारून ठरवतो.

त्या दिवशी अलास्कात पारा शून्याखाली अठरा अंशांच्या आसपास होता. विमान उडालं, वैमानिकाने चाकं आत घेतली, पण पुढचं चाक पूर्ण आत जाईना. पुन्हा बाहेर काढलं तर ते डावीकडे वळलेल्या अवस्थेतच अडकून बसलं. कारण पायातल्या तेलात पाणी होतं आणि त्याचा बर्फ झाला होता. चेकलिस्टमधले सगळे उपाय करून झाले. मग विमान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या पाच अभियंत्यांना फोनवर घेतलं गेलं. खाली जमिनीवर ही सल्लामसलत चालू आणि वर तो वैमानिक घिरट्या घालतो आहे, असं पन्नासेक मिनिटं चाललं. त्या पन्नास मिनिटांवर मी नंतर अनेकदा विचार केला. एकटा माणूस, खाली पांढरीशुभ्र जमीन, आणि आपल्या विमानाच्या पायात काय अडकलं आहे हे त्याला दिसत नाही, खालच्यांनाही दिसत नाही.

पुढचं चाक सरळ व्हावं म्हणून दोनदा ‘टच अँड गो’ केलं, म्हणजे मागची चाकं धावपट्टीला टेकवून लगेच पुन्हा उडायचं. चाक सरळ झालं नाही. उलट टेकताना मागचे दोन्ही पाय दबले आणि आतल्या बर्फामुळे पुन्हा पूर्ण लांबीला आलेच नाहीत. विमान हवेत चढत होतं आणि पाय सांगत होते की आपण जमिनीवर आहोत. संगणकाने पायांचं ऐकलं. त्याने जमिनीवरची रीत लावली आणि विमान वैमानिकाच्या हातातून गेलं. वैमानिकाने सीटसकट बाहेर उडी घेतली.

नंतर तपासलं तेव्हा पायांतल्या द्रवाचा सुमारे एक तृतीयांश भाग पाणी निघालं. तिथे पाण्याचा थेंबही असायला नको. अपघातानंतर नऊ दिवसांनी त्याच तळावरच्या दुसऱ्या एफ-३५ च्या पायातही असाच बर्फ झाला, पण ते सुखरूप उतरलं.

महोदय, मी स्वतः एकदा असं तेल हातात धरलेलं आहे. तळाचं नाव लिहीत नाही. पावसाळा दांडगा असलेला भाग होता. आमचे सीनियर सार्जंट केरळचे, मितभाषी. मी नवीन होतो तेव्हा त्यांनी मला स्टोअरच्या मागे नेलं, उघड्यावर उभ्या ठेवलेल्या ड्रमवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘ड्रम सांस लेता है, बेटा.’’ मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. दिवसा उन्हाने ड्रम तापतो, आतली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांमधून थोडी बाहेर जाते. संध्याकाळी पाऊस येतो, ड्रम गार पडतो, आतली हवा आक्रसते आणि ड्रम बाहेरून ओढून घेतो. त्या वेळी त्याच्या डोक्यावर, कडेच्या आत, पावसाचं पाणी साचलेलं असतं. म्हणजे तो ओढतो ते पाणीच. बूच घट्ट आहे, सील शाबूत आहे, आणि तरी आत पाणी. म्हणून ड्रम छपराखाली ठेवायचा, तेवढी जागा नसेल तर आडवा ठेवायचा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या रेषेत, म्हणजे दोन्हीवर आतून तेलाचा दाब राहतो.

त्यानंतर दोन-एक वर्षांनी एका सकाळी मी विमानांना तेल भरायच्या ट्रॉलीतून काचेच्या बाटलीत नमुना काढला आणि उजेडाकडे धरला. हे तेल लाल असतं, माणकासारखं, त्यातून पलीकडचं दिसलं पाहिजे. माझ्या बाटलीतलं गढूळ गुलाबी होतं. बाटली बाकावर उभी ठेवून दिली. काही वेळाने तळाशी बोटाच्या पेराएवढा पाण्याचा थर बसला आणि वर लाल तेल तरंगू लागलं. त्या ट्रॉलीने आदल्या दोन दिवसांत ज्या विमानांना तेल दिलं होतं, ती सगळी उभी केली गेली. पायांतलं तेल काढलं, धुतलं, नवीन भरलं. विमानं जॅकवर चढवून पाय आत-बाहेर करून पाहिले. तीन दिवस गेले आणि त्या तीन दिवसांचं फ्लाइंग बुडाल्याबद्दल आमच्या सेक्शनला बोलणीही बसली. ट्रॉली ज्यातून भरली होती, तो पाणी शिरलेला ड्रम उभाच होता.

मनाला लागली ती पुढची गोष्ट. चार वर्षांनी माझी बदली झाली, आणि नव्या तळावर स्टोअरच्या मागे उघड्यावर ड्रम उभे. मी विचारलं. आमच्या त्या तीन दिवसांबद्दल तिथे कोणाच्याही कानावर काही आलेलं नव्हतं. कुठल्या कागदावर ते लिहिलं गेलं असेलच, पण तो कागद जिथे गेला तिथेच राहिला. मी तिथल्या मुलांना तेच सांगितलं जे मला केरळच्या सार्जंटनी सांगितलं होतं, आणि मनात विचार आला की हे सांगणारा इथे बदलून आलाच नसता तर?

म्हणून आयल्सनचा अहवाल मला मोठा वाटतो. अमेरिकेचं कौतुक करायचं म्हणून हे लिहीत नाही. विमान पाडण्याइतकी चूक त्यांच्याकडे झाली आणि ती ढोबळ होती. पण त्यांच्या हवाई दलाने ती स्वतःच्या तोंडाने सांगितली. तेलासारख्या पदार्थांच्या साठवणीवर आणि वाटपावर देखरेख नीट नव्हती, असं लिहिलं. हायड्रॉलिकच्या कामाची ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, असं लिहिलं. आणि फोनवरच्या त्या चर्चेतल्या निर्णयावरही बोट ठेवलं. थंडीत हे सेन्सर दगा देऊ शकतात, अशी सूचना कंपनीनेच २०२४ च्या एप्रिलमध्ये देखभालीच्या पत्रकात दिली होती. फोनवरच्या कोणी ती त्या वेळी काढून पाहिली असती, तर दुसऱ्यांदा टच अँड गो करायला सांगण्याऐवजी थेट उतरण्याचा किंवा सुरक्षित जागी बाहेर पडण्याचा सल्ला दिला गेला असता, असं चौकशी मंडळाचं मत पडलं.

इथे माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाणारी गोष्ट आहे आणि ती मी लपवत नाही. सूचना छापून आली होती, तरी वेळेला उपयोगी पडली नाही. छापलं की काम झालं, असं नाही. पण सूचना होती आणि वाचली गेली नाही, हे आज भारतातल्या एका निवृत्त फिटरला माहीत आहे, कारण त्यांनी तेही छापलं.

आता आपल्याकडे येतो. विमान पडलं की आपल्याकडे ओळ ठरलेली असते: कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे आदेश देण्यात आले आहेत. ती चौकशी होते आणि मनापासून होते, हे मी आतून पाहिलेलं आहे. पण तिचा निष्कर्ष क्वचितच बाहेर येतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल आला तेव्हा देशाला कळलं की २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत हवाई दलाचे ३४ अपघात झाले. त्यातले ११ एकट्या २०१८-१९ मधले आणि ९ २०२१-२२ मधले. कारणाचा रकाना होता, पण त्यात कारण एक-दोन शब्दांत. जनरल बिपिन रावत ज्या हेलिकॉप्टरमध्ये गेले, त्या ८ डिसेंबर २०२१ च्या अपघातापुढे ‘मानवी चूक (वैमानिक दल)’ एवढंच. त्याच अपघाताबद्दल जानेवारी २०२२ मध्ये हवाई दलाने थोडं अधिक सांगितलं होतं, की दरीत हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशेचं भान राहिलं नाही. म्हणजे सांगायचं ठरवलं तर सांगता येतं.

‘मानवी चूक’ हे शब्द वाचणं त्या माणसाच्या घरच्यांना काय असतं, हे वेगळं सांगायला नको. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले. दोष त्यांच्यावर आला. तो दोष त्यांचा नव्हता, हे मान्य करून घ्यायला त्यांच्या आईला, कविता गाडगीळ यांना, वर्षानुवर्षं झगडावं लागलं. मुलगा गेल्यावर त्याच्या नावासाठी ज्या संस्थेत तो होता तिच्याशीच भांडायचं! सगळा अहवाल पहिल्या दिवसापासून समोर असता तर ते भांडण कदाचित लागलंच नसतं. निदान कशाशी भांडतो आहोत ते तरी त्या माउलीला दिसलं असतं.

गुप्ततेचं कारण पुढे येईल. मला ते समजतं. मी स्वतः कागदावर सही करून सेवेत शिरलो होतो आणि आजही त्या सहीला जागतो. म्हणून तर वर तळाचं नाव लिहिलं नाही, विमानाचंही नाही. पण जगात आज एफ-३५ पेक्षा जास्त जपलेली विमानं फार नाहीत. तरीही त्याच्या पायात किती पाणी होतं, हे सांगितल्याने त्याचं एकही गुपित फुटलं नाही. दक्षिण कोरियाचं एफ-३५ जानेवारी २०२२ मध्ये चाकं न काढता पोटावर उतरवावं लागलं. सुमारे दहा किलोचा गरुड विमानावर आदळून आत शिरला होता आणि चाकांची यंत्रणाच बंद पडली होती. दुरुस्तीचा खर्च नव्या विमानाच्या किमतीहून जास्त निघाला आणि त्यांनी ते मोडीत काढायचं ठरवलं. हे सगळं त्यांनी लोकांना सांगितलं. ब्रिटनचं एफ-३५ नोव्हेंबर २०२१ मध्ये क्वीन एलिझाबेथ या जहाजावरून उडताना समुद्रात पडलं. इंजिनच्या तोंडावरचं एक झाकण काढायचं राहून ते आत ओढलं गेलं होतं. त्याचाही चौकशी अहवाल त्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या तिरुवनंतपुरमच्या विमानतळावर जून २०२५ मध्ये ब्रिटिश एफ-३५ हायड्रॉलिकच्या बिघाडाने पाच आठवडे अडकून पडलं होतं, तेव्हा लोकांनी त्याची खूप थट्टा केली. मला त्यात हसू आलं नाही. पावसात उभ्या विमानाखाली आडवं होऊन बिघाड शोधणाऱ्या त्या परदेशी पोरांची पाठ कशी भरून येत असेल, ते मला ठाऊक आहे.

आणि परदेशाकडे तरी कशाला बघायचं? आपल्याच देशात प्रवासी विमान पडलं तर त्याचा अहवाल लोकांसमोर येतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं आणि १२ जुलैला विमान अपघात अन्वेषण विभागाचा प्राथमिक अहवाल कोणालाही वाचता येत होता. त्याच्या भाषेवर वाद झाले, होऊ देत. वाद करायला समोर कागद तरी होता. तिकीट काढून बसलेल्याच्या जिवाला जो न्याय, तो गणवेश घालून बसलेल्याच्या जिवाला का नसावा?

दुसरी शंका मला जास्त खरी वाटते. सगळं जाहीर होणार म्हटलं तर लोक तोंड मिटतील. ‘बूच मी नीट लावलं नव्हतं,’ असं कोण म्हणेल? यावर अमेरिकेत तोडगा आहे. तिथे एका अपघाताच्या दोन चौकश्या होतात. एक सुरक्षिततेसाठी, तिच्यातले जबाब गुप्त राहतात आणि शिक्षेसाठी वापरले जात नाहीत. माणूस मोकळेपणाने बोलतो. दुसरी चौकशी वेगळं मंडळ वेगळे पुरावे घेऊन करतं आणि तिचा अहवाल लोकांसाठी असतो. आयल्सनचा अहवाल या दुसऱ्या प्रकारचा. आपल्याला ही व्यवस्था जशीच्या तशी उचलायची गरज नाही. पण जबाब झाकून कारण उघडं ठेवता येतं, एवढं तिच्यावरून दिसतं. त्यात कोणाचंही नाव नको. अस्त्रांचं, रडारचं काही नको. काय घडलं, कोणता भाग निकामी झाला, तो का झाला आणि आता काय बदललं, इतकं पुरे. अपघातानंतर किती महिन्यांत ते यायला हवं, हे नियमात लिहिलेलं असावं, म्हणजे ते कोणाच्या मर्जीवर राहणार नाही. आणि ते हिंदीत आणि सोप्या इंग्रजीत, क्रू-रूममधल्या मुलाला एका बैठकीत वाचून होईल असं असावं.

१७ ऑक्टोबर २०२५ ला आपण नाशिकजवळ ओझरला आला होतात. तेजस मार्क १ए च्या तिसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन आपल्या हस्ते झालं आणि तिथे घडलेलं विमान आपल्यासमोर उडालं. मी टीव्हीवर पाहत होतो. आमच्या नाशिकच्या मातीवरून तेजस उठलं तेव्हा डोळे भरून आले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या प्रदर्शनात दुसरं एक तेजस पडलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. चौकशी नेमली गेली. माझी विनंती आहे की ही नवी पद्धत त्या अहवालापासून सुरू करावी. त्याच वर्षी जॅग्वारचे तीन अपघात झाले, मार्चमध्ये, एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये. त्यात तीन वैमानिक गेले. त्यांचेही अहवाल मागोमाग यावेत. तेजसची पुढची विमानं ज्यांच्या हातून जाणार आहेत, त्यांना त्या आधीच्या विमानाचं काय झालं ते अफवेतून कळू नये.

ओझरला यंदा कामाला लागलेला एखादा आयटीआयचा पोरगा असेल, वीस-एकवीस वर्षांचा. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर अलास्काच्या विमानाचा व्हिडिओ बघत असेल, आणि मनात आणलं तर आयल्सनचा अहवालही आज, या घडीला वाचू शकेल. त्याच्या टेबलावर त्या अहवालाशेजारी आपला एक अहवाल हवा आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर